गप्प बसणारं सॉफ्टवेअर

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या व्यापारी मंडळाचे ज्येष्ठ सभासद माननीय सिद्रामप्पाजी. ज्यांच्यासाठी आपण सगळे इथं जमलो ते सत्कारमूर्ती, आसरा भाडे-खरेदी केंद्राचे संस्थापक रियाजचाचा. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि मघापासून 'बास करा रे हार' म्हणून कुरकुरणाऱ्या अख्तरीचाची. दुकानाचा कारभार आता ज्यांच्या हाती आहे ते त्यांचे चिरंजीव जीशानभाई. लातूरच्या बाजारपेठेतले व्यापारी बंधू, क्लासेसची सर मंडळी, दुकानातले माझे सहकारी, आणि समोर बसलेली माझ्या माहेरची आणि सासरची वडीलधारी माणसं, सगळ्यांना माझा नमस्कार आणि आदाब.

मला भाषणाची सवय आहे असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. शाळेत असताना वक्तृत्वात बक्षिसं मिळवली, हे खरं. पण तेव्हा विषय असायचा 'पर्यावरण आणि आपण'. पर्यावरण समोर येऊन बसत नाही. आज ज्यांच्याबद्दल बोलायचं ती माणसं समोर बसलीत.

सूत्रसंचालक यासेरभाईंनी माझी ओळख करून देताना सांगितलं की दुकानासाठी नवीन सॉफ्टवेअर निवडणाऱ्या त्या ह्याच आरतीताई. टाळ्याही झाल्या. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं 'संगणकीकरणाचा प्रवास' असा विषय छापलाय. मी यासेरभाईंना म्हटलं होतं, माझ्याऐवजी दुसरं कुणी बोलू दे. कारण तो प्रवास सांगायचा म्हणजे मला खाली मान घालूनच सांगावा लागणार. ते म्हणाले, माइक खाली करून देतो. बघा, दिलाय.

असो. आधी सत्कारमूर्तींबद्दल.

भाडे-खरेदी म्हणजे काय ते बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगते. कपाट, कॉट, कूलर, जे काय हवं ते आज घरी न्यायचं. महिन्याला भाडं भरत जायचं. ठरलेली मुदत भरली की वस्तू तुमची. मधेच नको वाटली तर आणून द्यायची, कुणी 'का' विचारणार नाही. चाचांनी हा धंदा सुरू केला भूकंपानंतर. तेव्हा त्यांचं पत्र्याच्या कामाचं छोटं दुकान होतं. किल्लारीच्या बाजूला नवीन वसाहती झाल्या, लोकांना घरं मिळाली, पण आत काय? चार भिंती. मदतीत भांडी आली, बादल्या आल्या, पण प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं. चाचा सांगतात, एका वसाहतीत ते पत्र्याची पेटी घेऊन गेले होते, तर एक म्हातारी त्यांना म्हणाली, "बाबा, ताटावर बी दुसऱ्याचं नाव, बादलीवर बी दुसऱ्याचं. मला एक तरी वस्तू बिननावाची दे. फुकट नगं, पैसे देते हळूहळू."

तेव्हापासून आसरा केंद्राचा नियम झाला. वस्तूवर दुकानाचं नाव घालायचं नाही. लेबल नाही, रंगानं लिहायचं नाही, खालच्या बाजूला खडूनंसुद्धा नाही. आणि भाडं मागायला कुणाच्या दारात जायचं नाही. घेणाऱ्यानं दुकानात यायचं, नाहीतर आठवडी बाजारात आपला माणूस हॉटेलवर बसलेला असतो, त्याला गाठायचं. लग्नाचा माल असेल तर जास्तच जपायचं. मुलीला दिलेलं कपाट भाड्याचं आहे, हे तिच्या सासरी कळता कामा नये. 'हे कशावर लिहिलंय?' असं मी एकदा विचारलं, तर चाचा म्हणाले, "कशावर लिव्हायचं बेटा? माणसाच्या इज्जतीची गोष्ट काय पाटीवर लिव्हतेत का?"

मग लातूरला क्लासेसचे दिवस आले. तुम्ही सर मंडळी समोर बसलात, तुम्हाला काय सांगायचं! अर्धा महाराष्ट्र डॉक्टर व्हायला आपल्या गावात येऊन राहिला. प्रत्येकाला कॉट पाहिजे, टेबल पाहिजे, उन्हाळ्यात कूलर पाहिजे. मी स्वतः बारावीला इथं खोली करून राहिले तेव्हा माझ्या बाबांनी, म्हणजे रामकिशनरावांनी, आसरामधूनच कॉट नेली होती. धंदा एवढा वाढला की कुठला कूलर कुठल्या गल्लीत आहे ते कुणालाच सांगता येईना. एकदा तर एकच टेबल दोन पोरांना दिलं, आणि दोघं ते टेबल घेऊन दुकानात भांडायला आले. जीशानभाई, हसू नका, तुमच्याच काळातली गोष्ट आहे. मग जीशानभाईंनी सॉफ्टवेअर घेतलं. चांगल्या मनानं घेतलं, हे मी आधीच सांगते. पोरांच्या कॉट-टेबलांसाठी ते झकास होतं. भाडं थकलं की आपोआप मेसेज. दुकानातल्या सगळ्यांना हायसं वाटलं.

फक्त कॉटवाल्या पोराला पाठवायचा मेसेज आणि लेकीच्या लग्नात कपाट देणाऱ्या बापाला पाठवायचा मेसेज, त्या मशीनच्या लेखी एकच होते.

आता जे सांगणार आहे ते विचारून सांगतेय. बाबांना काल फोन केला. म्हटलं, "बाबा, उद्या भाषणात आपलं सांगू का? नाव न घेता सांगते." आधी पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "सांग. नाव घेऊन सांग. लपवून लपवून लई दमलो." आणि माझे सासरे, देवणीचे निवृत्तीमामा, तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांनाही विचारलंय. ते म्हणाले, "मला वाईट करून सांगू नको, पर खोटं बी सांगू नको." मामा, प्रयत्न करते.

माझं लग्न झालं त्या उन्हाळ्यात बाबांनी मला लोखंडी कपाट दिलं. आरशाचं. आतमध्ये लॉकर. मांडवात सगळ्यात पुढं ठेवलं होतं आणि आमच्या शिरूर अनंतपाळकडच्या बाया हात लावून बघत होत्या. ते आसरामधून भाडे-खरेदीवर घेतलेलं होतं, हे मला माहीत नव्हतं. आई-बाबांखेरीज कुणालाच नव्हतं. कपाट टेम्पोनं थेट देवणीला जाणार होतं. टेम्पोवाल्याला घर सापडावं म्हणून बाबांनी दुकानात मामांचा फोन नंबर दिला. जीशानभाईंनी घेतलेल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये नंबर टाकायची एकच जागा होती. तिथं तोच नंबर गेला.

झालं, नागपंचमी आली. लग्नानंतरची पहिली पंचमी. पोरीला माहेरी न्यायला मुराळी येतो, हे मी मराठवाड्याच्या माणसांना काय सांगू! मला भाऊ नाही. मुराळी म्हणून बाबाच आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, पिशवीत सासूबाईंसाठी लुगडं. मी तर आदल्या दिवसापासून बॅग भरून बसले होते. बाबा बाहेरच्या सोप्यात बसले होते, चहा चालला होता, आणि मामांचा फोन वाजला. मामा म्हणाले, "सूनबाई, माझा चष्मा न्हाई जवळ. बघ बरं काय आलंय. मोठ्यानं वाच."

मोठ्यानं वाच म्हटल्यावर वक्तृत्वातली बक्षीसवाली पोरगी मी! बापासमोर, सासऱ्यासमोर, शुद्ध उच्चारात, बातम्या दिल्यासारखं वाचलं. "प्रिय ग्राहक, आपल्या लोखंडी कपाटाचे भाडे थकीत आहे. सदर कपाट आसरा केंद्राच्या मालकीचे असून, भाडे न भरल्यास ते परत नेण्यात येईल."

शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर मला अर्थ लागला.

पेरणीच्या गडबडीत बाबांचं एक भाडं मागं पडलं होतं. पूर्वी पेरणीच्या दिवसांत कुणी विचारतसुद्धा नव्हतं. मामांनी बाबांकडं बघितलं. "पाव्हणं, हे काय हाय?" बाबा म्हणाले, "हाव. भाड्याचं हाय. फिटलं की पोरीचंच व्हतंय." एवढंच. मग उठले, टोपी नीट केली, म्हणाले, "येतो." मला न घेता निघाले. आणि मी काय केलं? मी फोन हातात धरून उभी राहिले. 'बाबा, थांबा' म्हणाले नाही. मला त्यांची लाज वाटत होती. सासरच्या माणसांत माझा बाप उघडा पडला आणि मला पहिल्यांदा त्याची कीव नाही आली, लाज आली. आज तुम्ही माझ्या हातात गुलाब दिलाय म्हणून सांगते, ती लाज अजून गेलेली नाही. फक्त आता ती बाबांची वाटत नाही, माझीच वाटते.

बाबा तिथून थेट लातूरला दुकानात आले. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. अख्तरीचाची तेव्हा दुकानात डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी मला हे सांगितलं. बाबा चाचांना एवढंच म्हणाले, "चाचा, तुमच्या दुकानाचं नाव आलं बघा माझ्या लेकीच्या कपाटावर."

दुसऱ्या दिवशी चाचा टेम्पो घेऊन देवणीला आले. मामांपुढं हात जोडले. मामा म्हणाले, "कपाट घेऊन जावा. उद्या गाव इचारंल, निवृत्तीच्या घरात कुणाचं कपाट हाय म्हणून." मामा, बरोबर सांगतेय ना? वाईट करून सांगत नाही. तुमचंही घर गावातच आहे, तुम्हालाही गावाला तोंड द्यायचं होतं. मग मी कपाटातले माझे कपडे काढायला लागले. शेजारच्या बाया दारात उभ्या. एकेक साडी, परकर, सगळं पलंगावर. चाचा तेवढा वेळ भिंतीकडं तोंड करून उभे होते. उगीच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

कपाट टेम्पोत चढवून झाल्यावर चाचा मामांना म्हणाले, "आता दुसरं काम. पंचमीची पोरगी न्यायला आलोय. तिच्या बापाला माझ्या दुकानानं तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई. म्हणून मुराळी मी." सासूबाईंनी मामांकडं बघितलं. मुराळ्याला मोकळ्या हातानं कुणी धाडत नाही. मामा म्हणाले, "जा बाई." मी टेम्पोत पुढं, चाचांच्या शेजारी बसले. वाटेत चाचांनी लाह्या घेतल्या, बांगड्या भरायला लावल्या. मी हसलेसुद्धा. चाचा त्यांच्या लहानपणीच्या पंचमीचं सांगत होते, झोक्यावरनं पडून दात पाडून घेतल्याचं. गाव आलं तेव्हा मी हात हलवत होते.

बाबा दारात होते. त्यांनी टेम्पो बघितला. आत मला बघितलं. मागं कपाट बघितलं. आणि ते होते तिथं, मातीत, खाली बसले. दोन्ही हात डोक्याला लावले. आई, माझी कस्तुराबाई, धावत बाहेर आली आणि तिनं तोंडावर पदर धरून जे रडायला सुरुवात केली, तसं मयतीलाच रडतात. माझ्या नि चाचांच्या ध्यानातच आलं नव्हतं की ते कसं दिसेल. लेक आणि कपाट एकाच टेम्पोत माघारी! बाबांना वाटलं, मला टाकून दिलं. मी उडी मारून "अहो नाही, पंचमीला आलेय, पंचमीला आलेय" म्हणून ओरडत होते. चाचा कपाळावर हात मारून घेत होते, "अल्ला, हे काय केलं मी!" समजूत पटली नंतर. पण जे त्यांनी बघितलं ते बघितलंच. चाचांनी कपाट परत दुकानात न्यायचं म्हटलं, तर बाबांनी नेऊ दिलं नाही. राहिलेलं भाडं त्यांनी भरलं. कपाट आज त्यांचं आहे. माहेरी उभं आहे, वरून चादर टाकून. त्यात कुणी काही ठेवत नाही.

त्यानंतर बाबा देवणीला आले नाहीत. एकदाही नाही. "कोणत्या तोंडानं येऊ," म्हणतात. दर पंचमीला मला न्यायला चाचा येतात. आता रिकामा टेम्पोसुद्धा आणत नाहीत, बसनं येतात, गुडघे धरून.

हां, सॉफ्टवेअर. कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय राहिलाच.

माझे यजमान सत्यम इथं एका क्लासच्या वसतिगृहात कामाला लागले, आम्ही लातूरला खोली घेतली, सुट्टीला आणि सणावाराला मात्र देवणीलाच जातो. चाचांनी मला दुकानात बोलावलं. "बेटा, हे मशीन बदलायचं. तू निवड." मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतं?" ते म्हणाले, "हिसाब जीशान बघून घेईल. तू एवढंच बघ, ते कुणाच्या घरात जाऊन काय बोलून राहिलंय."

तीन जण आले. हैदराबादवाल्यांचं सॉफ्टवेअर इतकं रंगीत होतं की आमचा शरणप्पा हमाल काम सोडून बघत बसला. पुण्याहून आलेल्या सरांचं सगळ्यात वेगवान. ज्यांचं भाडं थकलं त्यांची नावं लाल अक्षरात एका जागी दिसत होती, आणि बटण दाबलं की सगळ्या बाजारपेठेला जाऊ शकत होती. जीशानभाईंना ते आवडलं होतं. मी विचारलं, "माल पोचवायचा नंबर आणि माल घेणाऱ्याचा नंबर वेगळा ठेवता येतो का? आणि एखाद्या मालाबद्दल ह्याला गप्प बसायला सांगता येतं का? मेसेज नाही, फोन नाही, काही नाही?" ते सर हसले. भला माणूस होता, टिंगल नव्हती केली. म्हणाले, "मॅडम, मेसेज जावा म्हणून लोक पैसे देतात. जाऊ नये म्हणून कशाला? अशी एखादी केस असेल. एका केससाठी सिस्टीम बदलत नाहीत."

सगळं दुकान माझ्याकडं बघत होतं.  खरं कारण सांगावं तर अख्ख्या दुकानापुढं बापाची आणि माझी गोष्ट उघडी करावी लागणार. न सांगावं तर तेच लाल अक्षरवालं येणार. मी चाचांकडं बघितलं. वाटलं, हे बोलतील माझ्या वतीनं. ते खाली बघत होते. मी म्हटलं, "सर, ती केस मीच आहे."  पुढचं नीट आठवत नाही. त्या सरांनी लॅपटॉप मिटला आणि "सॉरी" म्हणाले एवढं आठवतं. नंतर मी मागच्या खोलीत जाऊन कूलरच्या खोक्यावर बसून रडले, आणि अख्तरीचाचींनी पाणी आणून दिलं.

तिसरी होती नांदेडची मुबश्शिरा. माझ्याच वयाची. तिचं सॉफ्टवेअर दाखवता दाखवता दोनदा बंद पडलं, बिचारी घामाघूम झाली. तिलाही मी तोच प्रश्न विचारला. तिनं 'का' विचारलं नाही. वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "लग्नाचा माल असेल तर पावतीवरसुद्धा दुकानाचं नाव नको असेल ना?" मी लगेच हो म्हटलं. ते सॉफ्टवेअर आजही अधूनमधून अडकतं. दुकानातली पोरं मला नावं ठेवतात, ठेवू द्या. लग्नाच्या मालापुढं खूण केली की ते तोंड उघडत नाही. भाडं मागं पडलं तर फक्त आमच्या माणसाला कळतं, आणि तो बाजाराच्या दिवशी हॉटेलवर वाट बघतो. तर मंडळी, हाच तो 'संगणकीकरणाचा प्रवास'.

आता काउंटरवर मी बसते. लेकीच्या लग्नाचं कपाट बघायला बाप येतात. एकटे येतात, बहुतेक दुपारी, गर्दी नसताना. कपाटाचं दार उघडतात, लावतात, परत उघडतात. आरशात न बघता आरसा पुसतात. मग हळूच विचारतात, "ताई, ह्याच्यावर कुठं नाव तर येत न्हाई ना?"  माझा बाप असाच याच फरशीवर उभा राहिला असेल, असंच विचारलं असेल. आणि त्याला कुणीतरी विश्वासानं सांगितलं असेल की नाही, येत नाही.

चाचा, तुम्ही आता नांदेडला लेकीकडं, शबानादीदीकडं राहायला निघालात. गुडघ्यांची ट्रीटमेंट करा, नातवंडांत रमा, दुकानाची काळजी करू नका. जीशानभाई कधीकधी आवाज चढवतात, पण लग्नाच्या मालाला स्वतः हात लावून बघतात, कुठं खडूची खूण राहिली का म्हणून. तुमचे आभार मानायची माझी लायकी नाही, तरी मानते. अख्तरीचाची, तुमचेही. मुबश्शिरा आज आली नाही, ते सॉफ्टवेअर दुरुस्त करत बसली असेल, तिचेही. अध्यक्षांनी वेळेची घंटी दोनदा उचलून परत ठेवली, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार.

एकच राहिलं. हे मात्र मी कुणालाच विचारलेलं नाही. बाबांना नाही, मामांनाही नाही.

बाबा, मला दिसताय तुम्ही. दाराजवळ, खांबाच्या मागं उभे आहात. खुर्च्या रिकाम्या आहेत, बसा ना. पंचमी तोंडावर आलीय. चाचा आता येणार नाहीत. तुम्ही नाही आलात तर या वर्षी मला न्यायला कुणीच नाही. मामांचं घर म्हणून येऊ नका. व्याह्याचं घर म्हणूनही येऊ नका. इतकी वर्षं मी तिथं भाकरी थापलीय, ते माझंही घर आहे, आणि मी तुम्हाला माझ्या घरी बोलावतेय. कोणत्या तोंडानं येऊ म्हणता ना? त्या दिवशी जे तोंड फिरवून गेलात, मी हाक न मारता ज्याला जाऊ दिलं, त्याच तोंडानं या.

बोलण्यात माझं अधिकउणं झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. बाबा, तुम्ही मात्र माफ करायची घाई करू नका. आधी या. जय हिंद, जय महाराष्ट्र.